जोसेफ फूरिये

संगणकावर छायाचित्र उघडले असता आपणांस चेहरा दिसतो. ऑक्टेव्हसारख्या गणिती प्रणालीस मात्र ० ते २५५ या अंकांची कोष्टके दिसतात. एवढे अंक थोड्या जागेत कसे मावतात, याचा विचार करू लागलो की आम्हांस एका फ्रेंच गणितज्ञाचे स्मरण होते.

जोसेफ फूरिये यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी झाला. बालपणीच आईबापांचे छत्र हरपले. गावच्या सैनिकी शाळेत त्यांस गणिताची गोडी लागली. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, कारावास घडला; त्या दिवसांत तुरुंगापासून गिलोटिन फार दूर नसे. रोब्सपिएरचा पाडाव झाला आणि ते सुटले. १७९८ मध्ये ते नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले. परतल्यावर ग्रनोबल येथे प्रांताचा कारभार त्यांच्याकडे आला. दलदली आटविणे, रस्ते बांधणे अशी ती कामे!

या रगाड्यातच उष्णता पदार्थातून कशी पसरते, याचा त्यांनी छडा लावला. रेषा कितीही वेडीवाकडी असो, साध्या लहरींच्या बेरजेने ती बांधता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८०७ साली निबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे आला, पण थोर गणिती लाग्रांज यांस तो पटला नाही. १८१२ मध्ये पारितोषिक मिळाले, तेही सिद्धतेत उणीव असल्याच्या शेऱ्यासह. आमच्या मते तो आक्षेप निराधार नव्हता. फूरिये यांची दृष्टी त्यांच्या सिद्धतेच्या पुढे धावत होती. ग्रंथ निघाला १८२२ साली. लहरींची बेरीज केव्हा जुळते, याच्या पक्क्या अटी दिरिश्ले यांनी १८२९ मध्ये दिल्या. पुढच्याच वर्षी, १६ मे १८३० रोजी, फूरिये निवर्तले.

त्याच विचाराचे एक रूप १९७४ साली बंगळूरचे सुपुत्र नासिर अहमद व त्यांचे सहकारी नटराजन आणि राव यांनी मांडले, आणि १९९२ च्या जेपेग पद्धतीने ते स्वीकारले. फाइल लिहिताना चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडतात व प्रत्येकातील ६४ अंक लहानमोठ्या लहरींच्या प्रमाणांत मांडतात. डोळ्यांस फारशा न जाणवणाऱ्या बारीक लहरींची प्रमाणे ढोबळ केली जातात. त्यांतील पुष्कळ शून्यच होतात. म्हणून जागा वाचते. फाइल वाचताना उरलेल्या लहरींची बेरीज होऊन अंकांचे कोष्टक पुन्हा उभे राहते, परंतु गाळलेले परत येत नाही. यास्तव ज्या चित्रावर पुढे गणित करावयाचे, ते विद्यार्थ्यांनी पीएनजी पद्धतीने साठवावे. तीत अंक जसेच्या तसे राहतात.