न वापरताही उतरणारी शक्ती : बॅटरीचे जनक आलेस्सांद्रो व्होल्टा

लॅपटॉप पूर्ण चार्ज करून, नीट बंद करून आपण कपाटात ठेवतो. काही आठवड्यांनी तो उघडावा, तर चार्ज उतरलेला दिसतो. कोणी हात लावला नाही, मग वीज गेली कुठे, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. या प्रश्नाचा मागोवा घेत गेल्यास आपण दोनशे वर्षांहून अधिक मागे, इटलीतील कोमो सरोवराकाठच्या एका श्रद्धावान कॅथलिक शास्त्रज्ञापाशी जाऊन पोहोचतो. जगातील पहिली बॅटरी निर्माण करणारे ते आलेस्सांद्रो व्होल्टा.

व्होल्टा यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी कोमो शहरात झाला. त्यांचे घराणे ख्रिस्तसभेच्या सेवेत रुजलेले होते. वडील फिलिप्पो यांनी विवाहापूर्वी काही वर्षे येशूसंघात उमेदवारी केली होती. चुलत्यांपैकी काही धर्मगुरू होते आणि दोन बहिणींनी धर्मभगिनींचे जीवन स्वीकारले. बालपणी आलेस्सांद्रो फार उशिरा बोलू लागले, त्यामुळे घरच्यांना काळजी वाटत असे. पितृछत्र लवकर हरपल्यावर नातेवाइकांनी त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. येशूसंघीयांच्या शाळेत ते शिकले. त्यांनी धर्मगुरू किंवा वकील व्हावे असे मोठ्यांना वाटे, परंतु त्यांचे मन विजेच्या अभ्यासाकडे ओढले गेले.

१७६९ साली त्यांचा विजेवरील पहिला निबंध प्रसिद्ध झाला. १७७५ साली त्यांनी स्थिर वीज निर्माण करणारे इलेक्ट्रोफोरस हे साधन सुधारून पुढे आणले. पुढच्याच वर्षी माज्जोरे सरोवराच्या दलदलीतून निघणारा ज्वालाग्राही वायू त्यांनी गोळा केला. त्यालाच आज आपण मिथेन म्हणतो. त्यानंतर पाव्हिया येथील विद्यापीठात ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि जवळजवळ चाळीस वर्षे त्या विद्यापीठाशी निगडित राहिले. १७९४ साली तेरेसा पेरेग्रिनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुलगे झाले.

त्या काळात बोलोन्या येथील वैद्य लुइजी गॅल्व्हानी यांनी मृत बेडकाच्या पायांना दोन धातूंचा स्पर्श होताच ते आखडतात, हे दाखवून दिले होते. गॅल्व्हानी हेही श्रद्धावान कॅथलिक. ही वीज प्राण्याच्या शरीरातच असते, असे त्यांचे मत होते. ती दोन भिन्न धातूंच्या स्पर्शातून उपजते, असे व्होल्टा यांचे म्हणणे होते. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी व्होल्टा यांनी चांदी व जस्त यांच्या चकत्या एकावर एक रचल्या आणि प्रत्येक जोडीमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा ठेवला. या चळतीतून विजेचा अखंड प्रवाह मिळू लागला. २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून त्यांनी हा शोध कळविला.

या चळतीची उणीव मात्र लवकरच ध्यानात आली. पुठ्ठे वाळले की वीज मंदावे. ओल टिकावी म्हणून व्होल्टा यांनी चळतीला बाहेरून मेणाचे किंवा डांबराचे आवरण देण्याचा उपाय सुचविला. पण दोष केवळ वाळण्याचा नव्हता. तारा जोडलेल्या नसल्या तरी खारट पाण्यात जस्त हळूहळू झिजतच असते. वीज रासायनिक क्रियेतून निर्माण होते, हे व्होल्टा यांनी पूर्णपणे मान्य केले नाही. धातूंचा स्पर्श असेपर्यंत ही शक्ती आपोआप भरून येत राहील, अशी त्यांची समजूत होती. येथे हा थोर शास्त्रज्ञ चुकला. साठविलेली कोणतीही शक्ती अक्षय नसते.

आपल्या लॅपटॉपमध्येही तेच घडते. लिथियम बॅटरीच्या आत मंद रासायनिक क्रिया चालूच राहतात. शिवाय घड्याळ चालू ठेवणारे व बटण दाबण्याची वाट पाहणारे छोटे विद्युतमंडल, तसेच काही यंत्रांत बंद असतानाही वीज पुरविणारे यूएसबीचे खाचे थोडी थोडी वीज घेत असतात. उष्णतेने ही झीज वाढते. म्हणून यंत्र दीर्घकाळ ठेवायचे असल्यास ते साधारण निम्मे चार्ज करून, जोडलेली उपकरणे काढून, थंड व कोरड्या जागी ठेवावे आणि अधूनमधून पुन्हा चार्ज करावे.

व्होल्टा यांना मानसन्मान भरभरून मिळाले. १८०१ साली पॅरिसमध्ये त्यांनी नेपोलियनसमोर आपले प्रयोग करून दाखविले आणि सुवर्णपदक मिळविले. पुढे ते सरदारपदाला पोहोचले. तरी ते नियमितपणे पवित्र मिस्साला जात आणि आपल्या धर्मग्रामातील मुलांना धर्मशिक्षण देत. एवढा विद्वान मनुष्य खरोखरच श्रद्धावंत असेल का, अशी शंका काहींना येई. ६ जानेवारी १८१५ रोजी कॅनन चिचेरी यांच्यासाठी त्यांनी आपला विश्वास लेखी स्वरूपात मांडला. आपण सदैव कॅथलिक श्रद्धेलाच धरून राहिलो, आपल्या हातून उणिवा घडल्या तरी ही श्रद्धा सोडली नाही, असे त्यांनी त्यात नमूद केले. श्रद्धा हे देवाचे दान आहे हे मान्य करूनही ती दृढ व्हावी म्हणून आपण श्रद्धेवरील आक्षेप आणि त्यांची उत्तरे यांचा अभ्यास केला, असेही त्यांनी स्पष्ट केले.

आम्हाला येथेच त्यांच्या जीवनाचा खरा बोध दिसतो. चळतीची शक्ती आपोआप भरत राहील असे मानण्यात त्यांची चूक झाली. श्रद्धेच्या बाबतीत ती चूक त्यांनी केली नाही. आपण मात्र स्नानसंस्कारात मिळालेले दान कपाटात ठेवल्यासारखे ठेवतो आणि संकटात ते हाती घेतो, तेव्हा ते क्षीण झालेले आढळते. कोणी ते चोरलेले नसते. प्रार्थना, पवित्र मिस्सा, प्रायश्चित्त संस्कार आणि पवित्र शास्त्राचे वाचन यांशिवाय ते हळूहळू उतरलेले असते.

१८१९ साली निवृत्त होऊन व्होल्टा कोमोजवळील काम्नागो येथे राहू लागले. ५ मार्च १८२७ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ साली विद्युतदाबाच्या एककाला त्यांच्या स्मरणार्थ व्होल्ट हे नाव देण्यात आले. अनेक बॅटऱ्यांवर या एककाचा उल्लेख छापलेला असतो. पुढच्या वेळी लॅपटॉप चार्जिंगला लावताना या श्रद्धावंताचे स्मरण करू या आणि आपल्या अंतःकरणाकडेही एकवार पाहू या.