बेसबॉलवीर लू गेरिग

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी सहसा पहिल्या आसनावर बसलेल्या पुरुषाकडे जाते. त्याच्या शेजारी उभे राहून तितकेच, किंबहुना कधी कधी अधिक, कार्य करणाऱ्या पुरुषाकडे ती क्वचितच वळते. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस दावीदाबरोबर योनाथान आठवतो, पौलाबरोबर बर्णबा आठवतो. परंतु अशी माणसे केवळ प्राचीन काळीच होऊन गेली असे नाही. अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानावर होऊन गेलेल्या अशाच एका पुरुषाचे चरित्र आम्ही येथे विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो. त्याचे नाव लू गेरिग.

गेरिगचा जन्म १९ जून १९०३ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्याचे आईबाप जर्मनीहून पोटासाठी अमेरिकेत आलेले. त्यांना चार अपत्ये झाली. पैकी हा एकटाच जगला. बाप धातुकाम करी, परंतु प्रकृती साथ देत नसल्याने तो वारंवार घरी बसे. तेव्हा प्रपंचाचा गाडा आईनेच ओढला. लोकांचे कपडे धुणे, लोकांच्या घरी स्वयंपाक करणे, हे तिने एकाच आशेने केले, की आपला मुलगा शिकून मोठा व्हावा. १९२१ साली तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा त्याच विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका निवासात ती स्वयंपाकीण होती. ज्या घरी आई चूल फुंकते त्याच आवारात मुलाने पुस्तके घेऊन हिंडावे, ही गोष्ट हलक्या मनाच्या तरुणास लाजिरवाणी वाटली असती. गेरिगने मात्र आईविषयीचा आदर जन्मभर सोडला नाही.

१८ एप्रिल १९२३ हा दिवस मोठा विलक्षण होय. त्या दिवशी न्यूयॉर्क यांकीज या संघाचे नवे भव्य क्रीडांगण उघडले गेले आणि संघाचा नायकमणी बेब रूथ याने तेथे पहिला होमरन मारला. त्याच दिवशी, त्याच शहरात, कोलंबियाच्या मैदानावर हा विद्यार्थी चेंडू फेकीत होता व त्याने प्रतिपक्षाचे सतरा फलंदाज बाद केले. थोड्याच दिवसांत यांकीजने त्यास करारबद्ध केले. घरची गरज इतकी निकडीची होती की शिक्षण अर्धवट सोडून त्याने हा करार पत्करला. पुढे दोन वर्षे हार्टफर्डच्या दुय्यम संघात त्याची पुष्कळशी उमेदवारी झाली आणि १ जून १९२५ पासून यांकीज संघात त्याचा अखंड खेळ सुरू झाला.

येथे ज्यांस क्रिकेट ठाऊक आहे पण बेसबॉल ठाऊक नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. या खेळात नव्वद नव्वद फुटांच्या अंतरावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार बेस असतात. चेंडू टोलवून फलंदाजाने पहिला बेस गाठला तर तो एकेरी टोला, दुसरा गाठला तर दुहेरी, तिसरा गाठला तर तिहेरी, आणि चारही बेस फिरून घरी आला तर होमरन. एकेरी सोडून बाकीचे तिन्ही प्रकार एकत्र मोजले म्हणजे फलंदाजाच्या भुजेतील बळ व पायांतील वेग या दोहोंची परीक्षा होते.

या परीक्षेत १९२७ साली जे घडले तसे एकाच संघातील दोघांकडून क्वचितच घडले असेल. अमेरिकन लीगमध्ये त्या वर्षी अशा मोठ्या टोल्यांत पहिला आला गेरिग : दुहेरी ५२, तिहेरी १८, होमरन ४७, मिळून ११७. दुसरा आला त्याचाच सहखेळाडू रूथ : दुहेरी २९, तिहेरी ८, होमरन ६०, मिळून ९७. रूथने १९२१ साली केलेले ११९ व गेरिगचे हे ११७, हेच एका हंगामातील पहिले दोन आकडे म्हणून आजही नोंदले जातात. केवळ होमरन पाहिले तरी लीगमध्ये तिसरा क्रमांक त्यांच्याच संघातील टोनी लझेरी याचा, आणि त्याचे होमरन अवघे १८ !

तथापि जगाने त्या वर्षीचा कोणता आकडा लक्षात ठेवला ? रूथचे साठ होमरन. सप्टेंबरच्या आरंभापर्यंत दोघे जवळजवळ बरोबरीने चालले होते. नंतर रूथ झपाट्याने पुढे गेला व गेरिग मागे राहिला. ११७ टोल्यांचा आकडा साठच्या झगझगाटात दिसेनासा झाला. रूथचे वार्षिक वेतन सत्तर हजार डॉलर, गेरिगचे आठ हजार. रूथ बोलका, उधळा, गर्दीत रमणारा. गेरिग मितभाषी, काटकसरी, खेळ संपताच घरी आईकडे जाणारा.

पण दोघे एकमेकांस कसे उपयोगी पडत हे पाहण्यासारखे आहे. फलंदाजीच्या क्रमात रूथ तिसरा व गेरिग चौथा. पुढे संघाने पोशाखावर अंक घातले तेही याच क्रमाने, ३ आणि ४. भयंकर फलंदाज समोर आला की चेंडू मुद्दाम दूर फेकून त्यास फुकटचा पहिला बेस देणे, ही चेंडू फेकणाराची एक युक्ती असते. परंतु रूथला तसे सोडावे तर पाठोपाठ गेरिग उभा ! म्हणून रूथशी सामना करणे अनेकदा भाग पडे. रूथच्या साठ होमरनांच्या पाठीशी गेरिगची ही सावली उभी होती. आणि रूथ बेस रिकामे करून गेल्यावर खेळावयास येऊनही गेरिगने त्या हंगामात १७३ धावा संघास मिळवून दिल्या. त्या वर्षी संघाने ११० सामने जिंकले, जगज्जेतेपदाच्या मालिकेत पिट्सबर्गला सलग चार सामन्यांत हरविले, आणि लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान गेरिगास लाभला.

१९३१ सालची एक गोष्ट त्याच्या नशिबाची साक्ष देते. वॉशिंग्टन येथे त्याने मारलेला चेंडू प्रेक्षकांच्या सज्जात पडून उसळून परत क्षेत्ररक्षकाच्या हाती आला. पुढे धावणाऱ्या लिन लॅरी या सोबत्यास वाटले की झेल झाला, आणि तो धाव अर्धी टाकून मैदानाबाहेर निघून गेला. गेरिग मान खाली घालून धावतच होता. पुढच्या सोबत्यास ओलांडल्याच्या नियमाने तो बाद ठरला व होमरनाचा तिहेरी टोला झाला. हंगामाच्या शेवटी रूथ व गेरिग या दोघांचे होमरन सारखेच, ४६ भरले. तो एक टोला हिशेबात धरला गेला असता तर त्या वर्षी गेरिग एकटाच पहिला आला असता.

या दोघांच्या स्नेहातही पुढे विघ्न आले. घरगुती बोलण्यावरून दोन कुटुंबांत वाकडे आले आणि शेजारी शेजारी खेळणारे हे दोन वीर कित्येक वर्षे एकमेकांशी बोलेनासे झाले. पौल आणि बर्णबा यांच्यातही तीव्र मतभेद होऊन ते वेगळे झाले होते, हे शास्त्रवाचकांस ठाऊक आहे. मोठी माणसेही मनाने दुखावतात. परंतु लक्षात घेण्याजोगे हे की अबोला असूनही मैदानावरील सहकार्य खंडित झाले नाही. १९३४ च्या हंगामानंतर रूथने संघ सोडला. गेरिग आपल्या जागी राहिला.

आणि खरोखरच तो आपल्या जागी राहिला ! १९२५ पासून १९३९ पर्यंत लागोपाठ २,१३० सामन्यांत तो एकदाही गैरहजर नव्हता. बोटे मोडली, पाठ धरली, डोक्यास चेंडू लागला, तरी तो उभाच. हा विक्रम छपन्न वर्षे टिकला. १९९५ साली कॅल रिपकेन याने तो मोडला.

परंतु १९३८ पासून त्याचे बळ ओसरू लागले. १९३९ च्या हंगामात पहिल्या आठ सामन्यांत त्यास अवघे चार टोले साधले. एका सामन्यात त्याने अगदी साधा चेंडू अडविला असता सोबत्यांनी त्याची वाहवा केली. त्या वाहवेतच त्याला आपली खरी स्थिती कळली. २ मे रोजी डेट्रॉइट येथे तो आपण होऊन व्यवस्थापक जो मॅकार्थी याजकडे गेला व संघाच्या हितासाठी मला बसवा अशी विनंती त्याने केली. कोणी त्यास काढले नाही. पुढे मेयो क्लिनिकमध्ये, त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशीच, रोगाचे निदान झाले : स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जापेशी नष्ट करणारा, बुद्धी शाबूत ठेवून देह निकामी करणारा असाध्य विकार. अमेरिकेत हा विकार आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

४ जुलै १९३९ रोजी साठ हजारांहून अधिक लोक त्याचा सत्कार करण्यास जमले. त्या दिवशी त्याने आपल्या दुखण्याची तक्रार केली नाही. आईबाप, पत्नी, सोबती, प्रतिस्पर्धी, एवढेच नव्हे तर मैदान राखणारे मजूर, या सर्वांचे ऋण मानून त्याने स्वतःस भाग्यवान म्हणविले. भाषण संपल्यावर रूथ पुढे आला व त्याने गेरिगास मिठी मारली. पुढे संघाने ४ हा अंक कोणासही दिला नाही. असा मान मिळालेला तो पहिला खेळाडू होय.

आयुष्याचे उरलेले दिवसही त्याने बसून काढले नाहीत. न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल मंडळावर नेमणूक स्वीकारून, तुरुंगातील माणसांच्या सुटकेचा विचार करण्याचे काम तो शक्ती होती तोवर करीत राहिला. २ जून १९४१ रोजी, सदतीस वर्षांचा असताना, त्याचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकी फार थोडे पहिले येतील; बाकीच्यांस कोणाच्या तरी शेजारी उभे राहून काम करावयाचे आहे. तेव्हा हे लक्षात असू द्या की ज्या वर्षी जगाने साठ मोजले त्या वर्षी गेरिगने एकशे सतरा मारले, आणि न मोजल्याबद्दल त्याने जगाशी भांडण मांडले नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळावयास हजर होता. मनुष्याच्या हिशेबात जे गळते ते ईश्वराच्या हिशेबात गळत नाही, अशी आमची श्रद्धा आहे. आणि रोज वेळेवर आपल्या जागी हजर राहणे हे त्या श्रद्धेचे पहिले लक्षण होय.