फ्रेदेरिक बास्तिया

फ्रेदेरिक बास्तिया (१८०१ – २४ डिसेंबर १८५०) हा फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ, पत्रकार आणि लोकप्रतिनिधी होता. जकाती आणि निर्बंध राष्ट्रहिताच्या नावाने लादले जात असले, तरी त्यांमागे बहुधा एखाद्या गटाचा खासगी लाभ असतो, हे त्याने उपहासाच्या अंगाने दाखवून दिले.

जीवन

बास्तियाचा जन्म नैर्ऋत्य फ्रान्समधील बायोन या बंदरात एका व्यापारी कुटुंबात झाला. तो नऊ वर्षांचा होईपर्यंत आईवडील दोघेही वारले. आजोबा आणि आत्या यांनी त्याला वाढविले. काही वर्षे व्यापारी पेढीत उमेदवारी केल्यानंतर १८२५ मध्ये आजोबांची म्युग्रों येथील शेतजमीन त्याच्याकडे आली. पुढील सुमारे वीस वर्षे त्याने शेती आणि वाचन यांत घालविली. १८३१ पासून तो तेथील स्थानिक न्यायाधीश होता.

हा परिसर द्राक्षमद्याच्या उत्पादनाचा. देशांतर्गत मद्यकर आणि फ्रान्सच्या जकातींना परदेशांनी दिलेले प्रत्युत्तर या दोहोंची झळ तेथील बागायतदारांना बसत असे. खुल्या व्यापाराच्या मागणीत बास्तियाचाही स्वार्थ होता, हे नाकारता येत नाही. मात्र १८३४ मध्ये बोर्दो, ल हाव्र आणि लियों येथील व्यापाऱ्यांनी शेतमालावरील जकाती रद्द करण्याची, पण कारखानी मालावरील संरक्षण राखण्याची मागणी केली, तेव्हा त्याने हा दुटप्पीपणा उघड केला आणि नियम सर्वांना सारखाच असावा असा आग्रह धरला.

जकातींविरुद्ध लढा

१८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आर्थिक भ्रम’ या लेखसंग्रहाने त्याला कीर्ती मिळाली. त्यातील एका काल्पनिक अर्जात मेणबत्ती उत्पादक सरकारकडे सूर्याच्या स्पर्धेपासून संरक्षण मागतात आणि सर्व खिडक्या बंद करण्याचा कायदा सुचवितात. पॅरिसहून स्पेनकडे जाणारा लोहमार्ग बोर्दोला तोडावा, म्हणजे तेथील हमाल व खाणावळवाल्यांना काम मिळेल, अशी सूचना पुढे आली होती. मग तोच न्याय वाटेतील प्रत्येक गावाला लावला, तर केवळ खंडांचाच लोहमार्ग तयार होईल, असे त्याने दाखविले.

रिचर्ड कॉब्डेनच्या इंग्लंडमधील चळवळीने प्रभावित होऊन त्याने १८४६ मध्ये बोर्दो आणि नंतर पॅरिस येथे खुल्या व्यापाराच्या संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी धान्यकायदे रद्द झाले. फ्रान्समध्ये चळवळ फसली. कारण उघड होते. इंग्लिश कारखानदारांना स्वस्त धान्य हवे होते, तर फ्रेंच कारखानदारांना इंग्लिश मालाचीच धास्ती होती, आणि त्यांनी संरक्षणासाठी स्वतःची संघटना काढली. शिवाय मताधिकार वर्षाला किमान २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्यांपुरताच होता. जकातीचा लाभ मोजक्यांना मोठा आणि तोटा लाखो ग्राहकांना थोडा थोडा. ग्राहक संघटित होत नसत.

संसदेत

१८४८ च्या क्रांतीनंतर तो लांद जिल्ह्यातून संविधान सभेवर निवडून आला आणि अर्थसमितीचा उपाध्यक्ष झाला. समाजवादी लुई ब्लाँ याच्या विचारांचा तो कडवा विरोधक. तरी ब्लाँवर खटला भरण्याच्या ठरावाविरुद्ध त्याने मत दिले. कामगारांच्या संघटनस्वातंत्र्याचाही त्याने पुरस्कार केला.

त्याची सर्वांत दुर्लक्षित राहिलेली सूचना प्रतिनिधींच्या पदलोभाविषयी होती. आधीच्या राजवटीत अनेक प्रतिनिधी पगारी सरकारी अधिकारी असत आणि ज्या मंत्र्यांवर देखरेख ठेवायची त्यांच्याच मर्जीवर त्यांची बढती अवलंबून असे. मंत्रिपद मिळण्याची आशा असली, की विरोधक सरकार सुधारण्याऐवजी पाडण्यातच रस घेतात, असेही त्याचे निरीक्षण होते. म्हणून प्रतिनिधीला मंत्रिपदासह कोणतेही सरकारी पद देऊ नये, असे त्याने १८४९ मध्ये सुचविले. सभागृहाने ते स्वीकारले नाही.

क्षयाने खंगत असतानाच त्याने १८५० मध्ये ‘कायदा’ ही पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी रोम येथे त्याचे निधन झाले. सिद्धांतकार म्हणून तो उथळ होता, अशी टीका कार्ल मार्क्सने केली आणि शुंपेटरनेही त्याच्या सैद्धांतिक कामाला फारशी किंमत दिली नाही. राजकारण्यांच्या स्वार्थाची त्याची चिकित्सा मात्र विसाव्या शतकातील अर्थशास्त्रज्ञांनी पुन्हा उचलली.

फ्रान्सच्या जकाती १८६० मध्ये कॉब्डेन-शेव्हालिए करारान्वये खाली आल्या. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने तो परराष्ट्र करार म्हणून केला. त्यामुळे विधिमंडळाची संमती घ्यावी लागली नाही.