विश्लेषण : फ्रेंच ऑम्लेटवर डाग का नको? हे शास्त्र मांडणारे एस्कोफिए कोण होते?

कांदा, मिरची, कोथिंबीर आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेली कड, हे आपलं ऑम्लेट. रील्समधलं फ्रेंच ऑम्लेट याच्या अगदी उलट असतं. ते पिवळंधमक, गुळगुळीत आणि आतून मऊ असतं, त्यावर तपकिरी ठिपकासुद्धा नसतो. बदलापूरजवळच्या चामटोलीत राहणाऱ्यालाही ते घरच्या गॅसवर जमू शकतं. त्यासाठी लागणारी अंडी, बटर आणि नॉनस्टिक पॅन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. अवघड आहे तो त्यातला एक मिनिट. त्या मिनिटाला पुस्तकी शिस्त देणाऱ्यांत सर्वात मोठं नाव आहे ऑग्युस्त एस्कोफिए यांचं. हे ऑम्लेट त्यांनी शोधलेलं नाही, ते त्यांच्या आधीपासून फ्रान्सच्या घराघरांत होतं.

शिल्पकार व्हायचं होतं, पण...

एस्कोफिए यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८४६ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या व्हिलनव्ह-लुबे गावात झाला. ओढा शिल्पकलेकडे होता, पण तेराव्या वर्षी त्यांना नीसमधल्या काकांच्या रेस्तराँमध्ये कामाला लावण्यात आलं. उंची इतकी कमी होती की भट्टीची धग तोंडावर यायची. म्हणून ते उंच टाचांचे बूट घालून उभे राहत. तेव्हाची स्वयंपाकघरं म्हणजे धूर, दारू आणि शिवीगाळ. आचाऱ्याला समाजात मान नव्हता.

१८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं. एस्कोफिए मेट्झच्या वेढ्यात लष्कराचे आचारी होते, पुढे युद्धकैदीही झाले. सैन्यात प्रत्येकाचं काम आणि हुद्दा ठरलेला असतो, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं.

पंधरा मिनिटांची डिश काही मिनिटांत कशी?

१८९० मध्ये ते हॉटेल व्यवस्थापक सेझार रिट्झ यांच्यासोबत लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गेले. तिथे त्यांनी स्वयंपाकघराचे विभाग पाडले. अंडी-भाज्यांना एक माणूस, भाजण्याला दुसरा, सॉसला तिसरा. नेहमी दिलं जाणारं उदाहरण अंड्याचंच आहे. ‘मेयरबेअर’ नावाच्या डिशमध्ये अंडी, भाजलेला गुर्दा आणि ट्रफल सॉस असतो. एकट्या आचाऱ्याला ती करायला पंधरा मिनिटं लागत. तिघांनी एकाच वेळी आपापला भाग केला की काही मिनिटांत ताट बाहेर जाई. इंजिनीअरिंगच्या भाषेत ही समांतर प्रक्रिया, आणि फोर्डची असेंब्ली लाइन यायला तेव्हा दोन दशकं बाकी होती. दारूला बंदी झाली. भट्टीजवळच्या लोकांसाठी बार्लीचं पाणी ठेवलं जाऊ लागलं. राग आला की एस्कोफिए स्वतः बाहेर निघून जात.

मात्र हा माणूस निष्कलंक नव्हता. १८९८ मध्ये सॅव्हॉयने त्यांना रिट्झसह काढून टाकलं. पुरवठादारांकडून कमिशन घेतल्याची कबुली त्यांनी १९०० मध्ये सहीनिशी दिली आणि काही रक्कमही भरली. हे प्रकरण १९८० च्या दशकापर्यंत झाकलेलं राहिलं. शिस्तीचे धडे देणाऱ्याची ही बाजू कौतुकाच्या लेखांतून सोयीस्कर गळते.

भुर्जी आणि चादर

१९०३ मध्ये, म्हणजे मुंबईत ताजमहाल हॉटेल सुरू झालं त्याच वर्षी, त्यांचा ‘ल गीद क्युलिनेर’ हा पाच हजारांहून अधिक पाककृतींचा ग्रंथ आला. त्यातली ऑम्लेटची कल्पना आपल्या भाषेत अशी सांगता येईल : आत ओलसर, बिनमसाल्याची भुर्जी आणि तिच्याभोवती अंड्याचीच पातळ चादर.

घरी करायचं तर तीन अंडी मीठ घालून पांढरं-पिवळं एकजीव होईपर्यंत फेटा. बाजारातलं बटर बहुधा खारट असतं, तेव्हा मीठ बेतानंच. साधारण २० सेंटिमीटरच्या पॅनमध्ये मध्यम आचेवर १५ ग्रॅम बटर टाका. त्याला फेस येतो, कारण त्यातलं पाणी उकळतं. फेस बसला की पाणी उडालं, पॅन शंभर अंशांच्या पुढे गेला. हाच आपला थर्मामीटर. बटर तपकिरी होण्याआधी अंडी ओता. फेटलेलं अंडं सत्तर अंशांच्या आसपास आळतं, खरपूस रंग मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे येतो. सगळा खेळ या दोन आकड्यांमधल्या फटीत आहे.

आता सिलिकॉनच्या उलथन्यानं भराभर ढवळा आणि दुसऱ्या हातानं पॅन हलवत राहा. रवाळ, ओलसर दिसू लागलं की ढवळणं थांबवून गॅस बंद करा. तळाची चादर धरेपर्यंत काही सेकंद थांबा. पॅन तिरका करून हँडलच्या बाजूनं गुंडाळत न्या आणि सांधा खाली येईल असं थेट ताटलीत उलटा. पहिली दोन-तीन फाटतील. ती पावात घालून खायची.

दादरच्या, १९५४ मध्ये सुरू झालेल्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेसह अशा महाविद्यालयांत एस्कोफिए यांची विभागरचना आजही शिकवली जाते. फ्रान्सनं त्यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला. १९२० मध्ये निवृत्त होऊन ते माँटे कार्लोला गेले. फेब्रुवारी १९३५ मध्ये पत्नी डेल्फिन यांचं निधन झालं आणि त्यानंतर काही दिवसांतच, १२ तारखेला, ८८ वर्षांचे एस्कोफिएही गेले.