पाच दिवस आणि त्यानंतरची वर्षे

हैदराबाद मुक्तीचे स्मरण करताना आपण १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांपाशीच थांबतो. रझाकारांची दहशत तेवढ्यात मोडली हे खरे. परंतु लोकशाही लष्कराबरोबर आली नव्हती. स्वामी रामानंद तीर्थांचे मोठेपण या दुसऱ्या, अधिक जिकिरीच्या कामात आहे.

१९०३ मध्ये सिंदगी येथे जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर कामगार चळवळीतून शिक्षकी पेशात आले, १९३२ मध्ये संन्यासी झाले आणि ज्या स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली तिचे नेते म्हणून वारंवार तुरुंगात गेले. लढा निजामाच्या बेजबाबदार सत्तेशी आहे, मुसलमानांशी नव्हे, अशी त्यांची धारणा होती. तरीही पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. सुंदरलाल समितीने तो नोंदविला, आपण तो सोयीस्करपणे विसरलो.

स्वामीजींनी भाषावार राज्यांचा आग्रह धरला. १९७२ मध्ये निधन होईपर्यंत मंत्रिपदाचा मोह मात्र त्यांना शिवला नाही. १९५२ च्या निवडणुकीत ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. परभणीने त्यांच्या पक्षाला नाकारून शेतकरी कामगार पक्षाचा खासदार निवडला. विनापरवाना सभा घेणे जेथे गुन्हा होता, तेथे शेतकरी आता मुक्तिलढ्याच्या पक्षालाही निर्धास्तपणे हरवीत होता.