आबे फ्रान्झ लिस्ट

संगीताच्या बळावर राजेरजवाड्यांना मोहून टाकणारे वादक युरोपात पुष्कळ होऊन गेले. परंतु कीर्तीच्या ऐन भरात व्यासपीठ सोडून, पुढे देवमंदिराच्या द्वारपालाची दीक्षा घेणारा पुरुष विरळाच. ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहो. तो निष्कलंक साधू होता असे आमचे म्हणणे नाही. तारुण्यात ऐकलेली देवाची हाक अनेक वर्षांनंतरही त्याच्या अंतःकरणातून गेली नाही, हेच ह्या चरित्राचे मर्म आहे.

फ्रान्झ लिस्ट ह्याचा जन्म ता. २२ ऑक्टोबर १८११ रोजी त्या काळच्या हंगेरी राज्यातील रायडिंग ह्या खेड्यात झाला. हे खेडे आज ऑस्ट्रियात मोडते. पिता आदाम हा एस्टरहाझी घराण्याच्या जहागिरीत कारभारी असून स्वतः संगीतज्ञ होता. तरुणपणी काही काळ त्याने फ्रान्सिस्कन मठात उमेदवारीही केली होती. मुलाची असामान्य बुद्धी पाहून १८२० मध्ये काही हंगेरियन सरदारांनी त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. व्हिएन्नात चेर्नी ह्या गुरूपाशी त्याने पियानोचे धडे घेतले. १८२३ मध्ये पितापुत्र पॅरिसला गेले. परंतु परदेशी म्हणून तेथील सरकारी संगीतविद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला.

१८२७ मध्ये पिता वारला, तेव्हा फ्रान्झ अवघा पंधरा वर्षांचा होता. शिकवण्या करून तो आईचा सांभाळ करू लागला. ह्याच सुमारास धर्मगुरू होण्याची उत्कट इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झाली. परंतु आईने व पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्याला त्या विचारापासून परावृत्त केले.

पुढे १८३२ मध्ये पागानिनीचे व्हायोलिनवादन ऐकून, पियानोवर असेच प्रभुत्व मिळवावयाचे असा त्याने निश्चय केला व रात्रंदिवस मेहनत आरंभिली. १८३९ ते १८४७ ह्या काळात लिस्ट ह्यांनी लिस्बनपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत दौरे केले. एकट्या वादकाने संपूर्ण मैफल रंगविण्याचा प्रघात मुख्यत्वे त्यांनीच पाडला. द्रव्य आले तसे त्यांनी सढळ हाताने वाटलेही: १८३८ च्या महापुरात बुडालेल्या पेस्ट शहरासाठी, कोलोनच्या महामंदिरासाठी, तसेच १८४५ मध्ये बॉन येथे उभारलेल्या बेथोव्हेनच्या स्मारकासाठी.

१८३० च्या दशकात काउंटेस मारी दागू ह्या विवाहित स्त्रीशी त्यांचा संबंध जडला व तीन मुले झाली. ही गोष्ट झाकून ठेवणे सत्यास धरून होणार नाही.

सप्टेंबर १८४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या मिळकतीसाठी केलेली शेवटची मैफल झाली. त्यानंतर व्हायमार दरबारी राहून त्यांनी रचना केल्या व इतरांच्या कृती लोकांपुढे आणल्या. राजकन्या कॅरोलिन ह्यांच्याशी विवाह करण्यासाठी ते रोमला गेले. परंतु तिच्या पहिल्या विवाहाचा प्रश्न न सुटल्यामुळे १८६१ मध्ये, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी ठरलेला तो विवाह आदल्या रात्रीच थांबला. १८५९ मध्ये पुत्र दानिएल वारला होता. १८६२ मध्ये कन्या ब्लांदीनही गेली.

ह्या दुःखानंतर १८६३ मध्ये लिस्ट रोमजवळील मोंते मारिओ टेकडीवरील मठात राहावयास गेले. त्याच वर्षी पोप नववे पायस ह्यांनी तेथे येऊन त्यांचे वादन ऐकले. १८६४ मध्ये कॅरोलिन ह्यांचे पती वारले, विवाहाची वाट मोकळी झाली. तरीही विवाह झाला नाही. एप्रिल १८६५ मध्ये लिस्ट ह्यांनी मुंडनविधी स्वीकारला व जुलैमध्ये द्वारपाल, वाचक, भूतनिवारक व वेदीसेवक ह्या चार लहान दीक्षा घेतल्या. ह्या दीक्षांची जुनी व्यवस्था १९७२ मध्ये बदलली. तेव्हाच्या विधीत द्वारपालाने मंदिराच्या किल्ल्यांना हात लावावयाचा असे; ज्या बोटांनी राजसभा जिंकल्या, त्याच बोटांनी लिस्ट ह्यांनी त्या किल्ल्यांना स्पर्श केला. ते धर्मगुरू मात्र कधीच झाले नाहीत. जग त्यांना आबे लिस्ट म्हणू लागले.

उत्तरायुष्यात शेकडो शिष्यांना त्यांनी विनामूल्य शिकविले. १८७५ मध्ये बुडापेस्टच्या संगीत अकादमीचे ते पहिले अध्यक्ष झाले. ‘ख्रिस्तुस’ हा त्यांचा भव्य ऑरेटोरिओ १८७३ मध्ये संपूर्ण गाइला गेला. १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या क्रूसाच्या वाटेवरील संगीताच्या नशिबी मात्र उपेक्षाच आली: प्रकाशकाने ते नाकारले, आणि त्याचे प्रथम गायन १९२९ च्या शुभ शुक्रवारी, म्हणजे कर्त्याच्या मृत्यूनंतर त्रेचाळीस वर्षांनी झाले. ता. ३१ जुलै १८८६ रोजी बायरॉइट येथे लिस्ट ह्यांनी देह ठेविला.

आमच्या धर्मग्रामातही पहाटे देवळाचे दार उघडणारे, घंटा वाजविणारे व गायकवृंदात गाणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या विनावेतन सेवा करीत आले आहेत. त्यांचे नाव कोणी घेत नाही. परंतु युरोपातील सर्वश्रेष्ठ वादकाला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हीच सेवा भूषणावह वाटली, हे ज्युबिलीच्या वर्षी त्यांनी व आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे.