जॉन बॉइड डनलॉप

डनलॉप हें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं टायरावर कोरलेलें पाहिलें असेल. परंतु तें मूळ कोणा कारखानदाराचें नसून गुराढोरांच्या एका डॉक्टराचें आहे, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ता. ५ फेब्रुवारी १८४० रोजीं स्कॉटलंडांतील ड्रेगहॉर्न या खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. एडिंबरो येथें पशुवैद्यकाचें अध्ययन करून ते एकोणिसाव्या वर्षींच परीक्षा उतरले. १८६७ सालीं ते आयर्लंडांत गेले व पुढें बेलफास्ट शहरीं त्यांचा धंदा भरभराटीस आला. यंत्रविद्या हा कांहीं त्यांचा विषय नव्हे.

त्यांच्या मुलाजवळ एक तीनचाकी सायकल होती. त्या काळीं चाकांवर भरीव रबर बसवीत, आणि बेलफास्टचे रस्ते होते दगडी फरसबंदीचे. त्यामुळें सायकलीवर बसणाराचीं हाडें खिळखिळीं होत. मुलाचे हे हाल पाहून १८८७ सालीं डनलॉप यांनीं एक प्रयोग केला. लांकडाची मोठी वाटोळी तबकडी घेऊन तिच्या कडेभोंवतीं त्यांनीं पातळ रबराची नळी बसविली, वरून कापड आवळलें, आणि फुटबॉलच्या पंपानें नळींत हवा भरली. मग ही तबकडी व सायकलीचें चाक हीं त्यांनीं अंगणांतून घरंगळत सोडून पाहिलीं. चाक वाटेंतच आडवें झालें. तबकडी मात्र अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकाच्या खांबावर आपटली व उलट परतली! महागड्या उपकरणांवांचून शास्त्र शिकतां येत नाहीं अशी तक्रार करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं या अंगणाकडे अवश्य पाहावें.

ता. ७ डिसेंबर १८८८ रोजीं त्यांस या शोधाचें पेटंट मिळालें. पुढल्या मे महिन्यांत बेलफास्टच्या शर्यतींत विल्यम ह्यूम नांवाचा सायकलपटू हवेचे टायर लावून उतरला, तेव्हां त्या लठ्ठ चाकांस लोक हंसले. तो एकामागून एक शर्यती जिंकूं लागतांच हंसणें थांबलें. डब्लिनचे व्यापारी हार्वे ड्यू क्रॉस यांनीं लवकरच भांडवल जमवून कंपनी उभारली.

येथेंच डनलॉप यांच्या नशिबानें पालट खाल्ला. रॉबर्ट विल्यम टॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थांनीं १८४५-४६ सालींच हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें होतें, तें आतां उघडकीस आलें. टॉमसन यांचें चाक तेव्हां चाललें नाहीं व विसरलें गेलें; डनलॉप यांस त्याची वार्ताही नव्हती. तथापि कायद्यापुढें अज्ञानाची सबब चालत नाहीं. त्यांचें पेटंट रद्दबातल ठरलें. आमच्या मतें हा निवाडा कठोर असला तरी अन्यायाचा नव्हता. टॉमसन यांचें श्रेय त्यांस मिळणें उचितच होतें.

शिवाय मूळ टायरांत एक मोठें व्यंग होतें. तो चाकाच्या कडेस चिकटविलेला असे. त्यामुळें एक कांटा रुतला कीं टायर सोलून काढण्यांत तासचे तास जात आणि नवा डिंक वाळण्यास रात्र लागे. काढघाल करतां येईल असा टायर वेल्श, बार्टलेट व फ्रान्समधील मिशेलिन बंधु यांनीं पुढें आणला. वेल्श व बार्टलेट यांचीं पेटंटें विकत घेऊनच कंपनी जगली. ब्रेकाचीही तीच गत झाली. पूर्वीं ब्रेकाचा ठोकळा थेट टायरावर दाबला जाई; भरीव रबरास तें सोसे, पण हवेचा टायर त्यानें झिजूं लागला. यास्तव ब्रेक टायरावरून सरकून चाकाच्या कड्यावर आला.

आतां तर हाताएवढ्या रुंद टायरांच्या, विजेवर चालणाऱ्या सायकली निघाल्या आहेत. त्यांचें ओझें व वेग दोन्हीं अधिक, म्हणून ब्रेक आंसाजवळच्या लोखंडी तबकडीवर धरतो, आणि साध्या तारेच्या जागीं तेलाच्या दाबाचा ब्रेक बसविल्यास बोटाच्या हलक्या दाबानेंही गाडी आवरते. मोटार मागल्या चाकांत असली कीं तें चाक रस्त्यांत काढणें जिकिरीचें. म्हणून टायराच्या आंत जाड पट्टी घालतात, किंवा ट्यूबेंत चिकट द्रव सोडतात, जो भोंक पडतांच तें बुजवितो. बाभळीच्या कांट्यांच्या आपल्या प्रांतीं या दोहोंचें महत्त्व पालकांस निराळें सांगावयास नको. पण हवा नेमाने तपासावी हें त्याहूनही अगोदरचें. हवा कमी असलेली ट्यूब खड्ड्यांत कड्याखालीं चिरडून फाटते, व तेथें कांट्याची गरजच पडत नाहीं.

डनलॉप यांनीं कांहीं वर्षांतच कंपनीशीं संबंध तोडला. टायरांवर जगभर त्यांचें नांव झळकत राहिलें, पण त्या धंद्यांतील अफाट संपत्ति त्यांच्या वाट्यास आली नाहीं. ते डब्लिन येथें साधेपणानें राहिले, आणि तेथेंच ता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजीं, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं, निवर्तले.